उठताना येणारी घेरी: झोपून आणि उभे राहून रक्तदाब कसा मोजावा व तो कसा वाचावा

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांकडे रक्तदाब मोजण्याचे यंत्र बहुधा असतेच. फक्त ते नको त्या वेळी वापरले जाते. रुग्ण चहा घेऊन खुर्चीत स्वस्थ बसलेला असताना दंडाला पट्टा बांधला जातो, आकडा १३०/८० येतो आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही वर्षभर हेच केले. कोथरूडच्या आमच्या घरात ते आठवड्यातून एकदा तरी पलंगाशी नाहीतर न्हाणीघराच्या दाराशी कोसळत, आणि ज्या दवाखान्यात त्यांना नेत होतो तेथेही दर वेळी बसवूनच रक्तदाब घेऊन 'वयोमानाप्रमाणे अशक्तपणा' एवढेच सांगितले जाई. मी स्वतः परिचर्येच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवीत आले, तरीही झोपून आणि उभे राहून असे दोन आकडे घ्यावेत हे मला सुचले नाही. ही माहिती लिहिण्याचे कारण तेच आहे.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी आपण नेमके काय मोजतो आहोत ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर आकडे वहीत नुसते पडून राहतात. माणूस झोपेतून उठून उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांत आणि पोटात उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त तेवढ्याने घटते आणि रक्तदाब घसरू लागतो. मानेतील रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत असलेले दाबमापक चेतातंतू ही घसरण लगेच टिपून मेंदूच्या देठाला कळवतात. तेथून मज्जारज्जूमार्गे अनुकंपी चेतासंस्थेला आदेश जातो, आणि त्या चेतातंतूंची टोके रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर व हृदयावर जे रसायन सोडतात ते म्हणजे नॉरएपिनेफ्रिन. काही पुस्तकांत त्यालाच नॉरॲड्रेनॅलिन म्हणतात. ही दोन निराळी रसायने नव्हेत. त्याच्या प्रभावाने वाहिन्या आकसतात, हृदय थोडे जलद आणि जोराने चालते, आणि काही सेकंदांतच दाब पूर्ववत होतो. निरोगी माणसाला यातले काहीही जाणवत नाही.

अनुकंपी चेतातंतूंचे हे संदेशवाहक रसायन नॉरएपिनेफ्रिनच आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले. सोडलेले नॉरएपिनेफ्रिन चेतातंतूचे टोक पुन्हा आत ओढून घेते, हे अमेरिकेच्या ज्युलिअस ॲक्सेलरॉड यांनी नंतर सिद्ध केले. या दोघांना बर्नार्ड काट्झ यांच्यासह १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'पुन्हा आत ओढून घेणे' ही गोष्ट ध्यानात ठेवावी. औषधांच्या भागात ती परत येणार आहे.

कंपवात म्हणजे डोपामिन या मेंदूतील रसायनाची कमतरता आणि हातांची थरथर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या आजारात अनेक रुग्णांच्या हृदयाला जाणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंची टोकेही झडून जातात. आदेश देणारा मेंदू जागेवर असतो, पण आदेश पोहोचवणाऱ्या तारा तुटलेल्या असतात. म्हणून उभे राहिल्यावर दाब घसरतो तो घसरतोच. याला अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली आणण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष मोजमाप. दंडावर बांधण्याचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटाचे नको, आणि पट्टा दंडाच्या घेराला बसणारा असावा. पहिली पाहणी सकाळी उठण्यापूर्वी, गोळ्या आणि चहा यांच्या आधी करावी, कारण दिवसातली सर्वांत वाईट वेळ बहुधा तीच असते. लघवीची घाई असेल तर अंथरुणाजवळच भांडे द्यावे. भरलेल्या मूत्राशयाने आकडा फसवा येतो. रुग्णाला किमान पाच मिनिटे उताणे, शांत आणि न बोलता पडू द्यावे. आमच्याकडे हेच सर्वांत अवघड होते, कारण दंडाला पट्टा लागला की सासऱ्यांना शनिवारवाड्यामागच्या त्यांच्या जुन्या वाड्याची आठवण येई. पाच मिनिटांनंतर वरचा दाब, खालचा दाब आणि नाडीचे ठोके, असे तीनही आकडे लिहावेत. ठोक्यांचा आकडा यंत्र दाखवतेच, पण बहुतेक लोक तो वहीत उतरवीत नाहीत, आणि निदानाच्या दृष्टीने खरी गंमत त्यातच आहे.

पट्टा न काढता रुग्णाला उभे करावे. मागे घट्ट टेकलेली खुर्ची हवी आणि बाजूला आधार देणारा माणूस हवा. एकट्याने ही चाचणी करू नये. उभे राहताच घड्याळ लावावे आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा तीनही आकडे घ्यावेत. यंत्राला हवा भरून आकडा दाखवायला अर्धे-पाऊण मिनिट लागते, तेव्हा बटण थोडे आधी दाबावे. दंड हृदयाच्या पातळीवर, टेबलावर किंवा तुमच्या हातावर टेकलेला असावा. तो खाली लोंबत राहिला तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि घसरण लपून जाते. डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे तुटक झाले किंवा चेहरा पांढराफटक पडला, तर तीन मिनिटांची वाट न पाहता लगेच बसवावे, शक्यतो आडवेच करावे, आणि 'पूर्ण होऊ शकले नाही' एवढे वहीत लिहावे. तेही एक उत्तरच आहे.

रुग्णाला उताणे झोपणे जमत नसेल तर बसवून आणि मग उभे करून मोजता येते. मात्र तेव्हा निकष थोडा बदलतो. झोपून उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला उभे राहण्याने येणारा अल्परक्तदाब म्हणतात. बसून उभे राहिल्यास १५ आणि ७ एवढी घसरणही पुरेशी मानावी.

आमच्या वहीतले पहिले पान असे होते: झोपून १४८/८४, ठोके ६८, उभे राहून एक मिनिटाने ११२/६६, ठोके ७२, तीन मिनिटांनी १०४/६२, ठोके ७३. वरचा दाब ४४ ने खाली आला आणि ठोके वाढले केवळ पाच. जुलाब झालेल्या किंवा उन्हात पाणी न पिता फिरलेल्या माणसाचा दाब इतका उतरला असता, तर त्याच्या हृदयाचे ठोके चांगलेच वाढले असते, कारण त्याच्या चेतासंस्थेच्या तारा शाबूत असतात. वाढलेल्या ठोक्यांच्या आकड्याला वरच्या दाबाच्या घसरणीने भागावे. उत्तर ०.५ पेक्षा कमी आले तर दोष पाण्याच्या कमतरतेत नसून बहुधा चेतासंस्थेतच आहे. आमचे उत्तर ०.११ होते. रुग्ण प्रोप्रॅनोलॉलसारखे ठोके कमी करणारे औषध घेत असेल, त्याला पेसमेकर बसवलेला असेल किंवा नाडी अनियमित असेल, तर मात्र या भागाकाराला अर्थ उरत नाही.

ही पाहणी सलग तीन-चार दिवस करावी, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासाभरानेही करावी. जेवणानंतर पचनासाठी पोटाकडे रक्त वळते, आणि ते भरून काढण्यास इतर वाहिन्या आकसू शकल्या नाहीत तर दाब पुन्हा कोसळतो. पुरणपोळीच्या दिवशी आमच्या वहीत जे आकडे आले, ते पाहून स्वयंपाकघरात सणाच्या जेवणाचे तीन छोटे भाग करण्याचा निर्णय वादावादीविना झाला. पिठूळ-गोड पदार्थ आणि गरम गरम ताट यांनी घसरण अधिक होते. लिव्होडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या नेहमीच्या, गोळीनंतर तासाभराचा आकडाही एकदा घ्यावा, कारण ती गोळीसुद्धा दाब उतरवते.

घेरी हा शब्द रुग्ण वापरीलच असे नाही. मान आणि खांदे यांत उभे असताना येणारे आणि आडवे झाल्यावर जाणारे दुखणे, कपडे अडकवायच्या हँगरच्या आकाराचे, हे याच दोषाचे लक्षण असू शकते, कारण तेथील स्नायूंना रक्त अपुरे पडते. आम्ही त्यावर कित्येक महिने मलम चोळत होतो. अक्षरे अंधूक दिसणे, उभ्याने बोलताना शब्द न सुचणे, पाय एकाएकी जड होणे, हेही वेळेसकट लिहून ठेवावे.

या सगळ्यात एक उलटी गोष्ट आहे, आणि ती दुर्लक्षित राहिली तर उपायांनीच अपाय होतो. ज्याचा दाब उभ्याने कोसळतो, त्याचाच आडवे झाल्यावर बरेचदा वाजवीपेक्षा जास्त चढतो. रात्रभर तो चढलेला राहिला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, रुग्ण रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, आणि सकाळी शरीरात पाणीच कमी उरल्याने उठताच घेरी येते. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते नऊ इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवू नयेत. त्याने मान दुमडते आणि शरीर सपाटच राहते. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालणे उत्तम. ते सरकू नयेत म्हणून सुताराकडून खाच पाडून घ्यावी. दिवसाही विश्रांती शक्यतो आरामखुर्चीतच घ्यावी.

सकाळी उठण्याची आमची पद्धत आता ठरलेली आहे. डोळे उघडल्यावर पलंगावरच दोन फुलपात्री, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, साधे पाणी तीन-चार मिनिटांत प्यायचे. ज्यांची चेतासंस्था अशी कमजोर झालेली असते, त्यांचा दाब एवढ्या पाण्याने काही मिनिटांतच वाढू लागतो आणि अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. निरोगी माणसात हा परिणाम जवळजवळ दिसत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे आधी डॉक्टरांना विचारावे. त्यानंतर पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसायचे, पावले वर-खाली करायची, मुठी आवळायच्या, आणि मगच उभे राहायचे. उभे राहिल्यावर पहिले अर्धे मिनिट चालायचे नाही. रांगेत उभे राहावे लागले तर पाय एकमेकांवर तिरके ठेवून मांड्या आणि नितंब आवळून धरावेत. पायांत साठलेले रक्त त्याने वर ढकलले जाते. रुग्णाचा तोल मुळात कच्चा असेल तर हे कशाला तरी धरूनच करावे.

पोटाला बांधायचा रुंद लवचीक पट्टा हा पायमोज्यांपेक्षा उपयोगी ठरतो, कारण रक्त पायांइतकेच पोटातही साठते. तो उठण्यापूर्वी आडव्यानेच बांधावा आणि झोपताना काढावा. गच्च पायमोजे पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात कोणी फार दिवस घालत नाही. उकाड्याने त्वचेच्या वाहिन्या सैलावतात, म्हणून उन्हाळ्यात घेरी वाढते. कढत पाण्याची आंघोळही तेच करते. कोमट पाणी, न्हाणीघरात बसायला स्टूल आणि भिंतीला धरायची दांडी, एवढे केले की कोसळण्याचे अर्धे प्रसंग टळतात, असा आमचा अनुभव आहे. भारतीय पद्धतीच्या शौचकुपातून उठताना होणारी घसरण तर फारच मोठी असते. त्यावर कमोड हाच उपाय. एकादशीचा निर्जळी उपास सोडवणे आम्हाला सर्वांत कठीण गेले. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलेले 'दोन लिटर पाणी' हे औषधच आहे, असे म्हटल्यावर सासऱ्यांनी ते मान्य केले. आहारात मीठ वाढवण्याचा सल्लाही दिला जातो, पण आडव्या दाबाचा आकडा पाहिल्याशिवाय ते स्वतःहून करू नये.

औषधांची पाहणी करताना घरातल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांच्या थेंबांसह, एका ताटात मांडाव्यात. नॉरएपिनेफ्रिन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागेवर, बसून वाहिनी आकसवते, त्याला अल्फा-१ म्हणतात. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन हाच रिसेप्टर अडवते. मूत्राशयाच्या तोंडाशी ते हवे असते, वाहिन्यांत मात्र नको असते. झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन ही तर परस्परविरोधी वागते: चेतातंतूच्या टोकाने नॉरएपिनेफ्रिन परत ओढून घेणे ती थांबवते, आणि त्याच वेळी अल्फा-१ ही अडवते; वृद्धांत दुसरा परिणाम भारी पडून घेरी येते. उलट सर्दीच्या गोळ्यांतील फेनिलेफ्रिन अल्फा-१ ला चेतवते. तारा तुटलेल्या वाहिन्यांवरचे रिसेप्टर उपाशी आणि म्हणून अतिसंवेदनशील झालेले असतात, त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारी गोळी आडव्या दाबाला भलतेच वर नेऊ शकते. औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी परस्पर आणू नये. आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंदही करू नये. रक्तदाब उतरवणारी क्लोनिडिन एकाएकी थांबवली तर दाबून ठेवलेले नॉरएपिनेफ्रिन उसळून दाब धोकादायक रीतीने चढतो, आणि प्रोप्रॅनोलॉल अचानक सोडणेही हृदयाला जड जाते.

डॉक्टर गरजेप्रमाणे मिडोड्रिन देतात, जी थेट अल्फा-१ वर काम करते, किंवा शरीरात मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात. ड्रॉक्सिडोपा हे औषध शरीरात गेल्यावर नॉरएपिनेफ्रिनमध्येच रूपांतरित होते. जपानमध्ये ते १९८९ पासून आणि अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. मिडोड्रिन घेतल्यावर चार तास तरी आडवे होऊ नये, हे वेळापत्रकातच बसवून घ्यावे, म्हणजे शेवटची गोळी संध्याकाळी उशिरा जाणार नाही.

या रसायनाचे दुसरे टोक मेंदूत आहे, आणि त्याचीही नोंद याच वहीत करावी असे माझे मत आहे. मेंदूच्या देठात, पाँस नावाच्या भागात, दोन्ही बाजूंना लोकस सिरुलिअस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. लॅटिन नावाचा अर्थ 'निळी जागा'; पेशींतील रंगद्रव्यामुळे ती निळसर दिसते. दोन्ही बाजू मिळून जेमतेम काही दहा हजार पेशी, पण त्यांचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूभर पसरलेले असतात आणि मेंदूतील बहुतेक नॉरएपिनेफ्रिन त्याच पुरवतात. आपण जागे आणि सावध असतो तेव्हा या पेशी सक्रिय असतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. लक्ष्मी रस्त्यावर मागून दुचाकीचा भोंगा वाजला की माणूस दचकतो, बाहुल्या विस्फारतात आणि लक्ष एका क्षणात तिकडे वळते. त्यात या पुंजक्याचा मोठा वाटा असतो. रसायन फार कमी पडले तर माणूस पेंगतो, फार झाले तर बिथरतो. एकाग्रता मधल्या पट्ट्यातच साधते.

जर्मनीचे हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार, कंपवातात हा पुंजका डोपामिनच्या पेशींच्याही आधी बाधित होतो. अल्झायमरमध्येही त्याची लवकर हानी होते. त्यामुळे रुग्ण दिवसा पेंगणे, गप्पांतून मन काढून घेणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न राहणे, उगाच धास्तावणे, या गोष्टी 'हट्टीपणा' म्हणून सोडून देऊ नयेत. त्यातले किती नॉरएपिनेफ्रिनमुळे आणि किती इतर रसायनांमुळे हे घरी कोणालाच ठरवता येणार नाही. पण त्या उभ्याने वाढतात आणि आडवे झाल्यावर कमी होतात का, एवढे आपण नक्की पाहू शकतो. उभ्याने वाढत असतील तर मेंदूला रक्तच अपुरे पडत असण्याची शक्यता आहे, आणि तिच्यावर वर सांगितलेले उपाय चालतात. बसून-झोपूनही तसेच राहत असतील तर तो वेगळा प्रश्न म्हणून डॉक्टरांपुढे मांडावा. त्यासाठी ड्युलोक्सेटिनसारखी, म्हणजे ॲक्सेलरॉड यांनी शोधलेली ती परत ओढण्याची क्रिया थांबवणारी औषधे दिली जातात, आणि ती सुरू झाली की उभा-आडवा दाब पुन्हा तीन दिवस मोजावा.

भेटीला जाताना सगळी वही पुढे करू नये. दवाखान्यात तेवढा वेळ नसतो. एका कागदावर चार ओळी पुरतात: झोपून व उभे राहून घेतलेले आकडे ठोक्यांसह, जेवणानंतरची एक नोंद, पडण्याच्या तारखा व वेळा, आणि ताटातल्या गोळ्यांची यादी. नव्या डॉक्टरांनी आमचा कागद पाहून दुसऱ्याच मिनिटाला टॅमसुलोसिनची वेळ आणि मात्रा यांविषयी मूत्रविकारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. पडताना डोक्याला मार लागला, छातीत दुखले, किंवा शुद्ध हरपून आडवे केल्यावरही मिनिटभरात ती परत आली नाही, तर मात्र कागद शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

पहिल्या पानानंतर सात महिन्यांनी सासऱ्यांचे सकाळचे आकडे झोपून १३८/८०, उभ्याने तीन मिनिटांनी १२०/७० असे आले. घसरण आहेच, पण ते आता संध्याकाळी सोसायटीच्या आवारात काठीने दोन फेऱ्या मारतात. गणेशोत्सवात आरतीच्या वेळी ते आधी दोन फुलपात्री पाणी पितात, पोटपट्टा बांधतात आणि खुर्चीत बसून टाळ वाजवतात. शेवटी सगळे जागच्या जागी गिरकी घेतात तेव्हा ते खुर्चीची पाठ धरून नुसते उभे राहतात. गिरकी त्यांच्या वाट्याची नातू घेतो.